कोजागिरीसाठी गिटारवर सोपी गाणी सुचवा, एफ कॉर्ड अजून येत नाही

तारेवरचा_ठाणेकर
नमस्कार मंडळी, वय चौतीस, गिटार घेतलीये आणि यूट्यूब बघून घरच्या घरीच शिकतोय. जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर एवढे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) पकडता येतात, एफ अजिबात नाही, बार कॉर्डचा, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या त्याचा, तर विषयच सोडा. सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर गाणी असतात आणि मी वाजवणार असं बायकोनं सगळ्यांना सांगूनही टाकलंय. नेटवर 'ईझी साँग्ज' शोधलं की सगळी इंग्लिश नाहीतर अरिजितची निघतात, आमच्याकडे साठीचे काका-काकू पण असतात त्यांना काय त्याचं. बाबांची फर्माईश 'शुक्रतारा मंद वारा'. ते जमेल का? नसेल तर सगळ्यांना गाता येतील अशी मराठी हिंदी कुठलीही सुचवा. आणि एक, तो खाली खाली वर वर खाली वर वाला पॅटर्न काही गाण्यांवर बसतच नाही, हात चुकतोय की गाणं चुकतंय कळत नाही.

बॅकबेंचर_पुणे
पुरानी जीन्स. डोळे झाकून. जी, ई मायनर, सी, डी हेच चार फिरवत राहायचे, आमच्या हॉस्टेलला सगळे असंच वाजवायचे आणि अजून कोणी तक्रार केलेली नाही. अली हैदरचं गाणं आहे, नव्वदच्या दशकातलं, म्हणजे तुमच्या वयाच्या लोकांना पाठ आणि काकूंनाही ऐकून ऐकून माहीत असतं. इंग्लिश चालणार असेल तर नॉकिंग ऑन हेवन्स डोअर, एकदा जी डी ए मायनर आणि एकदा जी डी सी, संपलं गाणं. शुक्रताराचा नाद आत्ता सोडा 🙏

मात्रा_मोजणारा
हात चुकत नाहीये, ठेका चुकतोय. हे कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत म्हणून जरा लांबड लावतो.

तुम्ही म्हणताय तो पॅटर्न आठ मात्रांचा आहे. हात सतत खाली-वर चालू ठेवून एक ते आठ मोजा, तर तारांवर पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला लागतो, दुसऱ्या आणि पाचव्याला हात नुसता हवेतून जातो. म्हणजे आपला तबल्यावरचा केरवाच झाला, धागेनाति नकधिन. 'ही चाल तुरुतुरु' घ्या, पुरानी जीन्स घ्या, बरोब्बर बसतो. पण आपल्याकडची निम्मी गाणी दादऱ्यात असतात, धाधीना धातीना, सहा मात्रा. कोळीगीतं बघा, 'गल्यान साखली सोन्याची' म्हणताना पाय कसा डोलतो, ते सहाचं वजन आहे. सहाच्या गाण्यावर आठचा पॅटर्न लावला की दुसऱ्या ओळीलाच सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, हुकते आणि माणसाला वाटतं आपल्याला ताल नाही.

दादऱ्याला सोपा उपाय, तीन-तीनचे दोन गट करा. पहिला फटका फक्त जाड तारांवर, पुढचे दोन हलके, बारीक तारांवर. धा-धी-ना, धा-ती-ना. तिन्ही खालीच मारा, वर जायची घाई नको. दुसऱ्या गटाचा धा जरा कमी जोरात, बस.

म्हणून गाणं निवडताना त्यात कॉर्ड किती आहेत हे मी आधी बघतच नाही. आधी टाळी वाजवून ठेका ओळखायचा, मग कॉर्ड किती वेळाने बदलतोय ते बघायचं. चार कॉर्डचं गाणं पण दर आठ मात्रांनी एकच चेंज असेल तर ते दोन कॉर्डच्या भरभर बदलणाऱ्या गाण्यापेक्षा सोपं जातं.

शुक्रताराबद्दल: संगीतकार श्रीनिवास खळे, आपले खळेकाका, त्यांच्या चाली ऐकायला साध्या वाटतात, गायला बसलं की घाम फुटतो. चाल एका जागी थांबतच नाही, त्यामुळे खाली कॉर्ड कुठला धरायचा हा प्रश्न दर ओळीला पडतो. बाबांना सांगा पुढच्या वर्षी. किंवा त्यांनाच गायला लावा आणि तुम्ही नुसता सा-प धरून ठेवा तंबोऱ्यासारखा, तेही वाईट लागत नाही.

स्वरदा_नाशिक
वरचं सगळं बरोबर, पण गच्चीवर गोंधळ पट्टीमुळे, म्हणजे गाणं कुठल्या सुरात धरलंय त्यामुळे होतो, हे मी पेटी वाजवते म्हणून सांगते. तुम्ही जी मध्ये वाजवणार म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. पुरुषांचे आवाज साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास बसतात, बायकांचे काळी चार, काळी पाच. सगळे एकत्र गातात तेव्हा अर्धे लोक वरच्या सुरात किंचाळतात आणि अर्धे खर्जात गुरगुरतात. तर तुम्ही आधी घरी स्वतः गाऊन बघा आणि एक कॅपो घ्या, दांडीवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा असतो तो. सी वाले कॉर्ड पकडून कॅपो पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या घरात, लावला की काळी एक झाली, जी वाले पकडून पहिल्याच फ्रेटवर लावला की काळी चार. बोटं तीच, पट्टी बदलली. कॅपोने पट्टी वरच चढते, उतरवायची असेल तर जी सोडून सी किंवा डी ची बोटं धरावी लागतील.

सी च्या पट्टीत एफ लागतोच, पण बार नको. सगळ्यात बारीक तार पहिली धरून चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली तार मोकळी, जाड दोन वाजवायच्या नाहीत. त्याला एफ मेजर सेव्हन म्हणतात, गच्चीवर कुणालाही फरक कळणार नाही. आमच्या भजनी मंडळात एक मुलगा गेली कित्येक वर्षं त्याच्यावरच भागवतोय.

तारेवरचा_ठाणेकर
बापरे, दादरा केरवा हे तबलेवाल्यांचं काम असं समजत होतो. आत्ताच टाळी वाजवून बघितली आणि बसत नव्हती ती सगळी गाणी सहाचीच निघाली 😅 ताई, कॅपो मागवतो. अजून एक, जी वरून सी ला जाताना बोटं उचलून परत ठेवेपर्यंत गाणं पुढे निघून जातं. याला प्रॅक्टिसशिवाय काही आहे का?

मात्रा_मोजणारा
आहे. जी पकडताना अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला ठेवा. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्याला, तर्जनी पाचवीवर दुसऱ्याला. आता अनामिका-करंगळी हलवायचीच नाही, उरलेली दोन बोटं फक्त एकेक तार खाली सरकवा, म्हणजे पाचवी आणि चौथीवर. झाला सी अॅड नाईन, साध्या सी च्या जागी जी च्या गाण्यात बिनधास्त चालतो. डी ला जातानाही अनामिका तिथेच राहते. आणि साध्या सी वरून ए मायनरला तर एकच बोट हलतं, अनामिका पाचव्या तारेवरून उचलून तिसरीवर दुसऱ्या फ्रेटला. बोटं उचलायची कमी, सरकवायची जास्त.

आणि चेंज चुकला तरी उजवा हात थांबवू नका. चुकीचा कॉर्ड लोक विसरतात, ठेका तुटला की गाणारे थांबतात.

म्हापश्याचो_भुरगो
आमच्या गोव्यात पोरं गिटार शिकतात ती 'हांव सायबा पलतडी वयतां' वरच, दुलपद म्हणजे गोव्याचं नाचाचं लोकगीत आहे, सहाचंच वजन, वर दादांनी सांगितलं तसं धाधीना. जी सी डी मध्ये काम होतं. आणि तुमच्या काका-काकूंना पण माहीत असणार, बॉबीमध्ये ती चाल घेतलीये ना, १९७३ चा पिक्चर. कोकणी शब्द नाही आले तरी हिंदी म्हणतील लोक, एकदा सुरू झालं की नाचतातच.

जुना_सभासद
सगळ्यांनी मोठी मोठी गाणी सांगितली, मी म्हणतो आधी हॅपी बर्थडे बसवा. हसू नका. तीनच कॉर्ड आहेत आणि सहाच्या ठेक्याची सवय फुकटात होते, कारण त्याचं वजन तीनचं आहे. 'हॅपी' सम यायच्या आधीच म्हणायचं, 'बर्थ' वर सम आणि तिथे जी. पहिल्या 'यू' ला डी, दुसऱ्या 'यू' ला जी, तिसऱ्या ओळीत ज्याचं नाव घेता त्या नावावर सी, आणि शेवटी 'बर्थडे' ला जी, 'टू' ला डी, 'यू' ला परत जी. आणि वर्षभर उपयोगी पडतं, प्रत्येक घरात केक कापतातच.

तसंच 'हम होंगे कामयाब'. शाळेत सगळ्यांनी म्हटलंय, संथ आहे, आणि 'हम होंगे कामयाब' एवढ्या शब्दांना नुसतं जी-सी-जी. लहान मुलं असतील गच्चीवर तर ती सगळ्यात मोठ्याने म्हणतील, तुमची गिटार ऐकूच येणार नाही, जे पहिल्या वेळी चांगलंच असतं.

तारेवरचा_ठाणेकर
फायनल यादी: हम होंगे कामयाब, पुरानी जीन्स, ही चाल तुरुतुरु, गल्यान साखली आणि जमलं तर हांव सायबा. शुक्रतारा बाबा गातील, मी सा-प धरतो, ते तयार झालेत, उलट खूश आहेत. सर्वांचे आभार.

स्वरदा_नाशिक
पाच पुष्कळ झाली. कॅपो लावल्यावर परत ट्यूनिंग बघा हं, तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. आणि कॉर्ड कागदावर लिहून नेणार असाल तर कपडे वाळत घालायचे चार चिमटे पण न्या, गच्चीवर वारा असतो.

बॅकबेंचर_पुणे
मसाला दूध गाणी झाल्यावर प्या, चिकट बोटांनी तारा खराब होतात. कॅपो केवढ्याला पडला ते पण टाका इथे, मला पण घ्यायचाय.