झडप धातूची, मग गोळी जन्मभर कशाला?

भाऊ, काकूंच्या हृदयात बसवलेली धातूची कृत्रिम झडप गंजत नाही, झिजत नाही, मग रक्त पातळ करायची गोळी बंद का करू नये, असं तुम्ही वर विचारलंय. बंद करू नका! झडप चांगलीच आहे, पण रक्ताला ती परकी वाटते. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर जिवंत असतं. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही रसायनं रक्तात सोडतं आणि प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तकणांना, दूर ठेवतं. धातूला किंवा कार्बनला ते कुठून जमणार? रक्त लागल्यावर काही सेकंदांतच त्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्यातल्या फायब्रिनोजेनला प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी धरायला लागते. ती झडपेत अडकली तर झडप जाम, सुटून मेंदूत गेली तर लकवा. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची देशी झडप १९९० पासून बसवतात, तिलाही गोळी चुकलेली नाही.

रक्त पातळ करायची ही गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामात आडवी येते, आणि हे व्हिटॅमिन पालेभाज्यांत भरपूर असतं. म्हणून हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, पालक, मेथी एकदम रोज सुरू झाली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) खाली येतो, म्हणजे रक्त लवकर गोठायला लागतं. भाजी सोडायची नाही, प्रमाण वर्षभर सारखं ठेवायचं. मायट्रल झडपेला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) साधारण २.५ ते ३.५ आयएनआर ठेवतात, काकूंचा आकडा मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि कापूस वेचून कंबर धरली म्हणून दुकानातली दुखण्याची गोळी स्वतःहून घेऊ देऊ नका. आतून रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी झडपेचं सांगायचं.