नळाच्या पाण्यातलं अँटिबायोटिक: ओझोन लावायचा की कारखान्याच्या दारात अडवायचं?

बालाघाटी
मांजरा आमची, पाटोद्याच्या डोंगरातली. लातूर, बीदर करत तेलंगणात जाते आणि तिथे पटनचेरूच्या औषध कारखान्यांकडून येणारा नक्कावागू तिला मिळतो. 2007 ला स्वीडिश संशोधकांचा पेपर आला, तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून "शुद्ध" होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, दिवसाला अंदाजे 45 किलो, म्हणजे अख्खा स्वीडन 5 दिवसांत खातो तेवढं. तीच नदी पुढे आमच्या बिलोलीच्या शिवेवरून गोदावरीत जाते. माझं मत सरळ आहे, पिण्याच्या पाण्याच्या प्लांटला ओझोन आणि कार्बन फिल्टर लावा. तुरटी, वाळू, क्लोरीन यावर किती दिवस काढणार?

टीसीएलवाला
दादा, आधी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, तर वेळेवर येऊ द्या. मी गावाच्या पाणीपुरवठ्यावर आहे. ओटी टेस्टला नळाचं पाणी ट्यूबमध्ये घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे आमची ट्यूब पिवळी झालीच नाही, पावडरच नव्हती, आणि तुम्ही ओझोन म्हणताय! ओझोन पोत्यात भरून ठेवता येत नाही, जागेवर विजेवर तयार करावा लागतो, लाइट गेली की विषय संपला. कार्बनपण भरला की बदलावा लागतो, त्याचं बिल कोण देणार?

केमिस्टकाका
जरा गणित करा राव. समजा पाण्यात लिटरला 100 नॅनोग्रॅम सिप्रो आहे आणि तुम्ही रोज 2 लिटर पिता. 500 मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला जवळपास 6,800 वर्षं लागतील. डब्ल्यूएचओनेही 2012 मध्ये हेच म्हटलंय, पिण्याच्या पाण्यातल्या इतक्या कमी औषधाने माणसाला अपाय व्हायची शक्यता फार कमी. माझ्या काउंटरवर लोक चिठ्ठीशिवाय "ती तीन दिवसांची अँटिबायोटिकची स्ट्रिप द्या" म्हणतात त्याचं काय ते बोला.

लॅबवाली ताई
काका गणित बरोबर, प्रश्न चुकला. गोळी तुम्हाला लागू पडते का हे कोण विचारतंय, जंतूंना काय होतं ते बघा. सिप्रोसाठी संशोधकांनी सुचवलेली सुरक्षित मर्यादा लिटरला 64 नॅनोग्रॅम आहे, त्याच्यावर गेलं की औषधाला न जुमानणारे जंतू वरचढ व्हायला लागू शकतात. तुम्ही सहज धरलेले 100 त्याच्या वरच आहेत 😄
पण बालाघाटी, तुमचंही अर्धंच पटतंय. दिल्लीत 2011 च्या अभ्यासात नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये एनडीएम-1 जनुक सापडलं, म्हणजे जंतूंना भारी अँटिबायोटिकलाही दाद न देणारं बनवणारं जनुक, रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 मध्ये. औषधाचा रेणू कार्बनला चिकटला म्हणून हे जनुक जात नाही. आणि प्लांटमधून कितीही चकाचक पाणी सोडा, पुढे फुटक्या पाइपात गटार शिरत असेल तर तो ओझोन काय कामाचा?

झुरिककर
मी स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फपाशी राहतो. इथला ओझोनचा प्लांट 2014 ला सुरू झाला, पण तो पिण्याच्या पाण्याला नाही, सांडपाण्याला आहे. 2016 पासून माणशी वर्षाला 9 फ्रँकपर्यंत कर, त्यातून निवडक केंद्रं सुधारतायत, सूक्ष्म प्रदूषकं 80 टक्के कमी करायची अट. ओझोनने रेणू तुटतो, गायब होत नाही, म्हणून मागे वाळूचा फिल्टर लागतोच. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट हा घातक पदार्थ तयार होतो ती वेगळी भानगड. गोदावरीकाठी कॉपी-पेस्ट करण्याआधी पाणी तपासा एवढंच म्हणेन.

केमिस्टकाका
मग घरचा आरओ बरा की!

लॅबवाली ताई
आरओ बऱ्यापैकी अडवतो, पण अडवलेलं सगळं रिजेक्टच्या पाण्यातून मोरीत, मोरीतून नदीत. शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटल्यासारखं.

टीसीएलवाला
झुरिककर माझ्याच बाजूचे निघाले. घाण जिथे होते तिथेच अडवा. कारखान्याच्या दारात 45 किलो एका पाइपात मिळतात, गावागावाच्या टाक्यांत ते हुडकत कुठे बसता?

बालाघाटी
अडवणार कोण पण? जानेवारी 2020 च्या केंद्राच्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याचे आकडे होते, 2021 ला अंतिम नियम आले त्यात तेच गायब. युरोपने 2024 मध्ये सांडपाण्याच्या अशा जादा शुद्धीकरणाचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिकवाल्यांवर टाकला, आपल्याकडे तसं होईपर्यंत आम्ही काय तहानलेलं बसायचं? निदान नदीवरच्या मोठ्या प्लांटना तरी कार्बन द्या, ओझोनचं राहू दे एकवेळ.

लॅबवाली ताई
एक दुरुस्ती, पटनचेरूच्या त्या केंद्राचं पाणी नंतर पाइपने हैदराबादच्या अंबरपेटला नेलं, म्हणजे मुसी नदीत. मांजरेचं ओझं थोडं हललं, संपलं नाही, नुसता जिल्हा बदलला.

बालाघाटी
हे माहीत नव्हतं. म्हणजे आता मुसीवाले बोंबलणार. पण मत बदललेलं नाही माझं. टीसीएलवाले, ती पावडर आली का शेवटी?

टीसीएलवाला
आली. अर्धी पोती ओली.