बदललेले हेडलाईट आणि वायरिंगची भुतं : तुमचे अनुभव सांगा

मागच्या पावसाळ्यात आंबा घाट उतरत होतो. दाट धुकं, त्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि दोन्ही हेडलाईट गेले. पुढच्या खड्ड्यात परत आले! बायको म्हणाली, "आता खड्डे शोधत चल."

गाडीला १००/९० वॉटचे (अप्परला १००, डिपरला ९०) बल्ब आणि रिलेचा (बॅटरीतून थेट बल्बला करंट देणाऱ्या विद्युत स्विचचा) तयार वायरसेट बसवलेला. तीन ठिकाणी दाखवली. बल्ब बदलला, रिले बदलले, स्विचसुद्धा. शेवटी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या चाचांनी कशालाही हात न लावता वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेटच्या अर्थिंगच्या (मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरच्या) थिंबलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीला. दिवे लख्ख. थिंबल रंगावरच आवळलेली होती. त्यांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, खाली दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलिन. पैसे घेतले पन्नास.

तुमच्याकडची भुतं कुठे निघाली? बल्ब कोणता चांगला हा वाद इथे नको.

घाटवाट : दादा, अर्थिंगच. पण मीटर लावाल तर दिवे चालू ठेवून लावा. माझ्या होल्डरला बल्ब काढून मोजलं तर १२.६ व्होल्ट, बॅटरीइतकेच. बल्ब जोडून पेटवला तर १०.९. मग मीटरची एक तार होल्डरच्या अर्थ पिनला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली : १.१ व्होल्ट. म्हणजे एवढा घास एकट्या अर्थिंगने खाल्ला. हॅलोजनला दहा टक्के व्होल्ट कमी पडले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. मी मात्र वर्षभर काचा पॉलिश करत बसलो होतो.

जुनीहॅचबॅक : एलईडी बसवले, अप्परचा निळा दिवा लागेना. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत वायरिंग उलटं असतं : एच४ (अप्पर-डिपर एकाच बल्बात असलेल्या) होल्डरच्या, दोन्ही फिलामेंटना सामाईक असलेल्या पिनला प्लस येतो आणि डिपरचा स्विच मायनस जोडतो-तोडतो. माझ्या गाडीत निळ्या दिव्याचा करंट हॅलोजनच्या दुसऱ्या फिलामेंटमधून फिरायचा. एलईडीत फिलामेंटच नाही, दिवा लागणार कुठून? हे कळेपर्यंत तीन रविवार गेले. त्यामुळे वायरसेट घेण्याआधी टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावा, हेडलाईट चालू करा आणि सामाईक पिनला टोक टेकवा. लॅम्प पेटला तर गाडी आमच्या जातकुळीची.

म्हापशेकर : आमच्याकडे पाणी. एलईडीचा पंखा आत मावेना म्हणून मेकॅनिकने मागचं रबरी टोपण काढून फेकून दिलं. जूनमध्ये बसवले, गणपतीपर्यंत पिना हिरव्यागार आणि पंखा जाम.

खरखर : माझे दिवे उत्तम, पण लावले की एफएम गायब! इंजिन बंद ठेवूनही तेच. दोष एलईडीच्या ड्रायव्हरच्या (त्याला करंट पुरवणाऱ्या सर्किटच्या) डबीचा. वायरवर फेराईटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय) कड्या लावून थोडा फरक पडला. शेवटी बाबा म्हणाले, "मला गाणी हवीत", आणि हॅलोजन परत आले.

आयटीआयवाला : पोस्टकर्ते, १००/९० लावलेत ते लावलेत, होल्डर एकदा उघडून बघा. अप्परला दोन्ही बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात, मूळचे ६०/५५ दहाच्या आसपास. होल्डर पिवळा पडला असेल, पिन सैल झाली असेल तर सिरॅमिकचा टाका. आणि फ्यूज उडतो म्हणून पंधराच्या जागी तीसचा लावणाऱ्यांनो, हात जोडतो. एका गाडीत फ्यूज शाबूत आणि डॅशबोर्डमागच्या वायरी एकमेकींत वितळलेल्या पाहिल्या आहेत.

लपलप : युरोपियन गाडी. बल्ब शाबूत आहे का हे तिचा कॉम्प्युटर तपासत राहतो, एलईडी फार कमी करंट घेतो, म्हणून दिवे लपलपतात आणि 'बल्ब गेला' असा इशारा येतो. उपाय म्हणून रेझिस्टर लावून दिला. तो भयंकर तापतो. नेमका बंपरच्या प्लास्टिकला टेकवलेला. तिथे आता रुपयाएवढं भोक आहे.

नवशिका : माझा उजवा दिवा इंडिकेटरच्या तालावर मंद-प्रखर होतो. कालपर्यंत नवा बल्ब मागवायच्या बेतात होतो. आत्ता बॉनेट उघडून बघितलं : दोघांची अर्थिंग एकाच बोल्टवर, तो बोटाने फिरतोय. दातेरी वॉशर हार्डवेअरच्या दुकानात मिळेल ना?