'थिक ॲज अ ब्रिक' कव्हरसकटच हवा

फोनवर सगळं फुकट मिळत असताना जुन्या तबकडीसाठी पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'थिक ॲज अ ब्रिक' या १९७२ च्या अल्बमला तो लागू पडत नाही. इथे कव्हर म्हणजे चक्क १२ पानी वर्तमानपत्र! गल्लीतल्या बातम्या, स्पर्धा, जाहिराती. आणि पहिल्या पानावर आठ वर्षांच्या एका पोराची कविता बक्षिसातून बाद झाल्याची बातमी. पोरगा अर्थातच काल्पनिक. बँडच्या आधीच्या 'ॲक्वालंग'ला समीक्षकांनी कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम ठरवलं, म्हणून बँडचा गायक-बासरीवादक इयन अँडरसनने मुद्दाम केलेली ही टिंगल. गंमत अशी की संगीत मात्र अजिबात टिंगलीचं नाही. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, तबकडी उलटायला लागते तेवढाच खंड. बासरी नि हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या ऑर्गनची जुगलबंदी ऐकाच.

संग्राहकांनो, घेताना पानं मोजा. नंतरच्या काही आवृत्त्यांत वर्तमानपत्राला कात्री लागली आहे. आणि नाशिककरांनो, पावसाळ्यात हा कागद सर्द होतो, घड्यांवर कसर लागते. भिंतीला टेकवून ठेवू नका. तबकडी धुता येते हो, पेपर कसा धुणार?