तिकीट नेमकं कशाचं?
एकोणिसाव्या शतकात माणूस घेऊन उडणाऱ्या गॅसच्या फुग्यांचे खेळ तिकीट लावून व्हायचे. पण फुगा वर गेला की सगळ्या गावाला फुकटातच दिसणार, मग तिकीट कोण काढेल, असा प्रश्न पडतो. अहो, तिकीट असायचं कुंपणाच्या आत उभं राहून गॅस भरताना बघायचं! लाकडी पिंपांत लोखंडाचा कीस, त्यावर पाणी आणि गंधकाम्ल. निघालेला हायड्रोजन नळ्यांतून फुग्यात. तासन्‌तास चालायचं ते. पुढे शहरांत दिव्यांसाठी कोळशापासून काढलेला गॅस मिळू लागला, तोच फुग्यात भरायचा, आणि ही कटकट वाचली.

पण नुसतं उडणं लोकांना पुरेनासं झालं. जॉन वाइज या अमेरिकन फुगेवाल्याने १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनला मुद्दाम हवेत फुगा फोडला. फुग्याचं कापड त्याच्याभोवतीच्या जाळीत छत्रीसारखं पसरलं आणि पठ्ठ्या जिवंत उतरला. डोनल्डसन नावाचा दुसरा फुगेवाला तर फुग्याखाली झोक्यावर कसरती करायचा. सर्कसवाल्या बार्नमच्या खेळासाठी १५ जुलै १८७५ ला शिकागोहून उडाला आणि मिशिगन सरोवरावर वादळात बेपत्ता झाला. सोबत एक वार्ताहरही होता, बातमीसाठी गेलेला बिचारा.