सिस्ट्रमला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: प्राचीन इजिप्तमधल्या वस्तूंवर मुलांसाठी लिहिते आहे. ‘सिस्ट्रम’साठी ‘खुळखुळा’ चालेल का?

उत्तर: ताई, खुळखुळा नका लिहू. आवाजाची जात तीच, पण खुळखुळा म्हटलं की आपल्याला पाळण्यातलं बाळ दिसतं, नाहीतर ‘गाडीचा पार खुळखुळा झालाय’ आठवतं. सिस्ट्रम म्हणजे हाथोर देवीच्या पूजेतलं वाद्य. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तेती राजाचं नाव कोरलेलं एक आहे, इ.स.पू. २३००च्या आसपासचं, अलाबास्टर दगडाचं. पपायरस या पाणवनस्पतीच्या देठासारखी मूठ आणि वर छोट्या देवळासारखी चौकट.

त्याचं इजिप्शियन नाव ‘सेशेशेत’. जरा मोठ्याने म्हणून बघा! नाईलकाठच्या पपायरसच्या दाट बनातून वारा गेला की होतो तो आवाज या नावात आहे, असं मानतात. त्याच बनातून गाईच्या रूपात बाहेर येणाऱ्या हाथोरची चित्रंही सापडतात. आपल्या ‘सळसळ’मध्ये तोच ‘स’ घुमतो. दोन शब्दांचं नातं नाही, पण कान तोच.

– मग चिपळी? तिच्यातही चकत्या असतातच की.

– रचना जवळची आहे, खरं. पण चिपळ्या एकमेकींवर आपटतात, त्यांची जोडी लागते. सिस्ट्रम एका हातात धरून नुसतं हलवायचं, मग आडव्या सळ्या किंवा त्यांत ओवलेल्या चकत्या वाजतात. शिवाय चिपळी म्हटली की कीर्तनकार उभा राहतो, आणि इथे तर हाथोरची पुजारीण हवी. ‘सिस्ट्रम’ हे नाव ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आलं, मूळ ‘हलवणे’ या क्रियापदात. सिस्मोग्राफ म्हणजे भूकंपमापक, त्यातला ‘सिस्मो’ही त्याच घरचा. म्हणजे ग्रीकांनी हाताची हालचाल टिपली, इजिप्तच्या लोकांनी आवाज. मला इजिप्शियन नाव जास्त आवडतं.

आणि इजिप्तमधल्या डेंडेराच्या हाथोर-देवळातले खांब पाहिलेत? पुढच्या मंडपातले चोवीसही खांब सिस्ट्रमच्या घाटाचे, वर हाथोरचा गाईच्या कानांचा चेहरा. ते पाहिल्यावर ‘खुळखुळ्यासारखे खांब’ लिहायला हात धजत नाही.

– पटलं. ‘सिस्ट्रम’च ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे ‘सेशेशेत, पपायरसच्या सळसळीचं वाद्य’ असं लिहीन. पण तो सिस्ट्रम की ते?

– ते. वाद्य ते, म्हणून सिस्ट्रमही ते. आणि अनेकवचनात ‘सिस्ट्रा’ नको, ‘दोन सिस्ट्रम’ म्हणा.