पाकोळी : पक्षी, फुलपाखरू की आणखी काही?

पायवाट
मंडळी, एक अडचण. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात माघ-फाल्गुनात पाहुण्यांना सकाळी फेरीला नेतो. त्यासाठी पत्रक करतोय : पक्षी, फुलपाखरं, सरपटणारे प्राणी. स्विफ्ट या पक्ष्यासाठी मी 'पाकोळी' लिहिलं, पक्ष्यांच्या पुस्तकांत तेच असतं. सोबत येणाऱ्या काकींनी वाचलं आणि हसायलाच लागल्या. "पाकोळी काय पक्षी आसा? ती फुलार बसता!" आता छापू काय?

ताडमाड
पाकोळीच छापा. काकींना देवळाच्या सभामंडपात नेऊन वर बघायला सांगा. काळपट पक्षी, कमरेवर पांढरा पट्टा, पिसं-गवत थुंकीने चिकटवून केलेली घरटी. तारेवर ओळीने बसलेली दिसली तर ती भिंगरी. पाकोळीचे पाय इतके तोकडे की तिला तारेवर बसणं जमत नाही, उभ्या भिंतीला नख्या रुतवून लटकते.

शेवंतीचं परस
पक्षी बरोबर, पण काकी चूक कशा? 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलं तेव्हा ब्लू मॉरमॉनला 'राणी पाकोळी'च म्हटलं होतं. आमच्या परसातल्या लिंबावर तिच्या अळ्या असतात, पानं खाऊन झाड बोडकं करतात. सरकार आणि काकी एका बाजूला, असा योग पुन्हा येणे नाही.

ऱ्हस्वदीर्घ
आता त्याला 'निलवंत' म्हणतात. तेही खरं तर 'नीलवंत' हवं, पण ते असो. पाकोळी हा शब्द पक्ष्यासाठी राखून ठेवावा. एकाच शब्दाने दोन प्राणी दाखवत बसलो तर मराठीत शास्त्र लिहिणार कधी?

शेवंतीचं परस
राखून ठेवायला शब्द म्हणजे एसटीतली सीट आहे का, खिडकीतून रुमाल टाकला की आपली?

घाटावरचा
दोन नाही, तीन. आमच्याकडे तिन्हीसांजेला घरात शिरून दिव्याभोवती घिरट्या घालतं ते छोटं वटवाघूळ म्हणजे पाकोळी. आजी "पाकोळी आली गं" म्हणून केस पदराखाली घ्यायची. केसांत अडकते म्हणे. कुणाच्या अडकलेली बघितली नाही.

ताडमाड
मूळ एकच दिसतंय. पक्ष, पाख, पाकोळी. फडफडतं ते सगळं पाकोळी.

ऱ्हस्वदीर्घ
'ख'चा 'क' कसा झाला ते सांगा आधी. माझ्या मते पाकळीशी नातं आहे.

ताडमाड
पाकळी तरी कुठून आली? मोल्सवर्थचा शब्दकोश बघा की कुणीतरी.

ऱ्हस्वदीर्घ
आहे माझ्याकडे. माळ्यावर आहे.

शिरोडकरीण
आमच्या पलीकडे गोव्यात फुलपाखराला पिसोळें म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात दोन्ही चालतं. पण पायवाट, तुमच्या समोरच्याच समुद्रातल्या खडकांवर, गुहांमध्ये, पक्षी-पाकोळ्यांची वस्ती आहे, ती पत्रकात घ्या. ही जात काळोखात टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट काढते. लाळेच्या घरट्यांचं सूप करतात म्हणून घरटीच चोरीला जातात. हे लिहिलं की कुठली पाकोळी ते लोकांना आपोआप कळेल.

घाटावरचा
प्रतिध्वनीवर वाट काढते? मग आजीची पाकोळी आणि ही बहिणीच की!

ऱ्हस्वदीर्घ
बहिणी नव्हेत. एक पक्षी, एक सस्तन.

पायवाट
नोंद घेतली. निदान सरपटणाऱ्यांच्या यादीवर तरी वाद नको : सरडा, सापसुरळी, घोरपड, हरणटोळ, धामण, उडता सरडा.

घाटावरचा
सापसुरळी? आमच्याकडे सापाची मावशी.

शेवंतीचं परस
'मावशी' नका छापू. बिचारीला विष नाही, तरी या नावापायी लोक काठी घेऊन मागे लागतात. एक आमच्या पायरीखाली राहते, ऊन आलं की तेल लावल्यासारखी चकाकत बाहेर येते.

ताडमाड
माझा आक्षेप 'उडत्या'वर. तो उडत नाही, बरगड्यांवर ताणलेल्या कातडीवर एका पोफळीवरून दुसरीवर तरंगत जातो. बसलेला असताना सालीचाच तुकडा वाटतो. नराने गळ्याखालची पिवळी कातडी फटकन पुढे काढली, मिटली, परत काढली, की तेवढ्यापुरता कळतो. तेव्हा 'तरंगता सरडा' म्हणा.

ऱ्हस्वदीर्घ
तरंगतं ते पाण्यावर. हवेत 'विहरता'.

शिरोडकरीण
विहरता सरडा! लग्नपत्रिकेत छापताय का? आमच्या बागेतला गडी त्याला 'पोफळीवरलो सरडो' म्हणतो.

ऱ्हस्वदीर्घ
आणि माडावर बसला तर?